मनोरंजन उद्यानातील रांग आणि दिव्यांग व्यक्तीची सोय : मराठवाड्यातून निघणाऱ्या कुटुंबांसाठी

मुंबई-हैदराबादच्या तोडीचे मनोरंजन उद्यान मराठवाड्यात नाही. नांदेड, लातूर आणि धाराशिवकडची कुटुंबे बहुधा हैदराबादला जाऊन वंडरला किंवा रामोजी फिल्म सिटी पाहतात, तर छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीडकडची मंडळी खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा रस्ता धरतात. दिवाळीनंतर शाळांच्या सहलीही याच दिशांना निघतात. अशा प्रत्येक हंगामात काही घरांत एक निर्णय न बोलताच घेतला जातो : दिव्यांग मूल आजीजवळ राहते, किंवा काठीच्या आधाराने चालणारे काका "तुम्ही जाऊन या, मला काय करायचंय तिथं" असे म्हणून स्वतःच मागे राहतात. खोलात जाऊन विचारले, तर पाळण्याची किंवा पाण्याची भीती क्वचितच निघते. अडचण असते ती पाळण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी उन्हात, गर्दीत, लोखंडी कठड्यांच्या मध्ये तास-पाऊण तास उभे राहण्याची. ही अडचण बऱ्याच अंशी सोडवता येते, मात्र त्यासाठी काय मागायचे आणि ते कधी, कोणाकडे मागायचे हे घरून निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, त्यामुळे रांगेचा प्रश्न मला घरातूनच ठाऊक आहे. इतर प्रकारच्या दिव्यांगत्वाविषयी येथे जे लिहिले आहे, ते अशा कुटुंबांच्या सोबतीने आणि कायदा वाचून समजलेले आहे.

मागायचे नेमके काय

बहुतेक पालक खिडकीवर जाऊन "आमच्या मुलाला लवकर सोडा" असे म्हणतात, आणि तेथेच बोलणे फिसकटते. समोरच्या कर्मचाऱ्याला ती रांग मोडण्याची मागणी वाटते, मागे उभ्या असलेल्यांनाही तसेच वाटते, आणि नकार देणे सोपे होते. वास्तविक आपली गरज वेगळी असते. आपल्या माणसाला इतरांइतका वेळ थांबायला हरकत नसते. त्याला त्या जागी आणि त्या पद्धतीने थांबता येत नाही, एवढाच प्रश्न असतो. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आपण घागर ठेवून नंबर धरतो आणि माणूस सावलीला जाऊन बसतो. त्यामुळे कोणाचा नंबर मागे जात नाही आणि कोणाला पाणी आधी मिळत नाही. उद्यानात मागायची सोय नेमकी अशीच आहे, आणि ती याच शब्दांत मागितली तर समोरच्यालाही ती मान्य करणे सोपे जाते.

हा विचार जगभरच्या उद्यानांत अनुभवातून रुजला आहे. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत २०१३ पर्यंत दिव्यांग पाहुण्यांना एक मदतपत्र मिळत असे आणि त्यावर अनेकदा वेगळ्या दाराने थेट प्रवेश मिळे. काही श्रीमंत कुटुंबे केवळ रांग चुकवण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेत असल्याच्या बातम्या त्या वर्षी आल्या, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ती पद्धत बंद करून परत येण्याची वेळ देणारी पद्धत सुरू झाली : राईडजवळ जितका वेळ रांगेला लागतो आहे तितका वेळ बाहेर कोठेही थांबावे आणि दिलेल्या वेळी परत यावे. २०२४ मध्ये डिस्नेने ही सेवाही मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी असल्याचे जाहीर केले, आणि त्यासाठीची चौकशी आता प्रामुख्याने व्हिडिओ संभाषणातून होते. चालण्याची अडचण असलेल्या अनेकांना हा बदल जाचक वाटला आणि मलाही तो वाटतो, कारण दिव्यांगत्वाचे नाव पाहून सोय ठरवली की गरज बाजूला पडते. अमेरिकेतील युनिव्हर्सलच्या उद्यानांत अशी सोय हवी असेल, तर आयबीसीसीईएस या संस्थेकडे आधी ऑनलाइन नोंदणी करून तिचे कार्ड काढावे लागते. परदेशी राहणाऱ्या मुला-मुलींकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांनी या दोन्ही गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी मुलांकडून तपासून घ्याव्यात.

आपल्या देशातील उद्यानांत मात्र अशी ठरलेली पद्धत असेलच, असे गृहीत धरून निघू नये. पुष्कळदा निर्णय त्या दिवशीच्या व्यवस्थापकावर किंवा राईडजवळच्या मुलावर अवलंबून असतो, आणि म्हणून पर्याय आपल्यालाच सुचवता आले पाहिजेत. पहिला पर्याय वर सांगितलेला, म्हणजे वेळ लिहून घेऊन बाहेर थांबण्याचा. दुसरा असा की घरातील एक-दोघांनी रांगेत उभे राहावे आणि चढण्याची जागा जवळ आल्यावर दिव्यांग व्यक्ती व तिच्या सोबत्याने त्यांना येऊन मिळावे. यासाठी मधल्या कर्मचाऱ्याला आधी कल्पना हवी, नाहीतर रांगेतील लोकांशी वाद ठरलेला. तिसरा पर्याय जिने किंवा अरुंद कठडे असलेल्या राईडसाठी आहे : पुष्कळ राईडना बाहेर पडण्याची वाट सपाट किंवा उताराची असते आणि तेथून व्हीलचेअर आत नेता येते, परंतु त्या वाटेने गेल्यावरही आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची तयारी आपणच बोलून दाखवावी. चौथा पर्याय रांगेतच, पण खुर्चीवर बसून पुढे सरकण्याचा. घडीचे हलके स्टूल आत नेण्याची परवानगी मागणे ही फार लहान गोष्ट आहे आणि गुडघेदुखी किंवा पोलिओ असलेल्या कित्येकांचे काम तेवढ्याने भागते.

आई-वडिलांपैकी एकाने मुलाजवळ बाहेर थांबून दुसऱ्याने राईडवर जायचे, आणि मग दुसऱ्यांदा पूर्ण रांग न धरता जागा बदलायची, ही सोयही मागता येते. मुलाला राईडवर जायचेच नसेल, तर हीच सोय सर्वांत उपयोगी पडते.

पैसे भरून लवकर जाण्याचे तिकीट

वंडरलामध्ये फास्टट्रॅक नावाचे जादा पैशांचे तिकीट मिळते आणि इतर उद्यानेही अशी तिकिटे विकतात. आपण सोय मागितली की काही ठिकाणी "मग ते तिकीट घ्या" असे उत्तर येते. ऐपत असेल आणि त्या दिवसापुरती कटकट नको असेल, तर ते घ्यायला हरकत नाही. परंतु ते आपल्या मागणीचे उत्तर नव्हे, हे शांतपणे सांगावे. त्या रांगेतही जिने असू शकतात, तीही गर्दीच्या दिवशी लांबते, आणि बसून थांबण्यासाठी दिव्यांग व्यक्तीलाच जादा पैसे द्यावे लागणे हे न्याय्य नाही.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि त्यांत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स यांबरोबरच हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. हा कायदा केवळ सरकारी कचेऱ्यांपुरता आहे असा समज आपल्याकडे फार आहे. प्रत्यक्षात त्यातील आस्थापनेच्या व्याख्येत खासगी कंपन्या येतात, आणि सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत करमणूक व विरंगुळ्याच्या सेवांचाही स्पष्ट उल्लेख आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता जे आवश्यक आणि योग्य बदल करता येतात, ते करण्याची कल्पना या कायद्याच्या मुळाशी आहे, आणि असे बदल नाकारणे हे कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावात मोडते. सावलीत बसू देणे आणि कागदावर वेळ लिहून देणे हा कोणत्याही उद्यानासाठी अवाजवी बोजा ठरेल, असे मला वाटत नाही.

येथे टक्केवारीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चाळीस टक्क्यांची अट ही आरक्षण आणि काही योजनांसाठी आहे. भेदभाव न होण्याचा हक्क त्याहून कमी टक्के दिव्यांगत्व असलेल्यांनाही आहे, आणि २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार चाळीस टक्क्यांखालील व्यक्तींनाही पांढऱ्या रंगाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे केंद्र सरकारचे ओळखपत्र, मिळते. चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या आतील कार्ड पिवळे आणि त्यावरचे निळे असते. रांगेतील त्रास टक्क्यांवर ठरतही नाही. एका पायात ऐंशी टक्के दिव्यांगत्व असलेला तरुण कुबडीवर तासभर उभा राहू शकतो, आणि कागदावर पंचेचाळीस टक्के असलेले स्वमग्न मूल दहाव्या मिनिटाला कान झाकून खाली बसते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात निकाल दिला, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावे यासाठीचे, निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे आणि सरकारने बंधनकारक निकष ठरवावेत. पत्रव्यवहार करताना या निकालाचा एक ओळीचा उल्लेख पुरेसा असतो. खिडकीवर मात्र कायद्याची कलमे वाचून दाखवू नयेत. तेथे उभ्या असलेल्या मुलाला ती ठाऊक नसतात आणि तो बिचकून वरिष्ठांकडे बोट दाखवतो.

घरून निघण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाचे काम घरी बसून करायचे आहे : आपल्या माणसाला रांगेतील नेमकी कोणती गोष्ट जमत नाही, ते दोन-तीन वाक्यांत लिहून काढायचे. आजाराचे नाव सांगून फारसे काही कळत नाही. "ऑटिझम आहे" असे म्हटल्यावर कर्मचारी मुलाकडे पाहतो आणि "दिसत तर चांगला आहे" असे म्हणतो. "त्याला अनोळखी लोकांचा स्पर्श आणि मोठा आवाज सहन होत नाही, बंद कठड्यात दहा मिनिटांहून अधिक थांबला तर तो पळायचा प्रयत्न करतो, मोकळ्या जागी तो एक तासही आनंदाने बसतो", एवढे सांगितले की काय करायचे ते समोरच्याला आपोआप सुचते.

हे लिहिताना वेगवेगळ्या गरजांचा बारकाईने विचार करावा. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खाली घाम नीट येत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ऊन नवे नाही, हे तिच्या बाबतीत खरे धरता येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही उष्णतेने लक्षणे वाढतात. सिकलसेल असलेल्याला शरीरातील पाणी कमी होणे आणि थंड पाणी या दोन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून जलक्रीडेनंतर ओल्या अंगाने पुन्हा रांगेत उभे राहणे त्याने टाळलेच पाहिजे. कर्णबधिर व्यक्तीची अडचण थांबण्याची नसून पुकारा न ऐकू येण्याची असते. तिने वेळ कागदावर लिहून मागावी आणि हाताने खूण करण्यास सांगावे. अंध व्यक्तीला सोबती लागतो, आणि राईडवर चढताना पांढरी काठी कोठे ठेवली जाईल व उतरताना कोण परत देईल हे आधी विचारून ठेवावे लागते. वारंवार लघवीला जावे लागणाऱ्यांनी रांगेतून बाहेर जाऊन त्याच जागी परत येण्याची मुभा मागावी.

अपस्मार, हृदयविकार, डायलिसिसवर असणे किंवा आतड्याचे दीर्घ आजार यांची नावे कायद्याच्या त्या २१ प्रकारांत नाहीत. अशा व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्याव्यात, आणि त्यांत निदानापेक्षा "तीस मिनिटांहून अधिक काळ उन्हात सलग उभे राहू नये" अशा स्वरूपाची सूचना असावी.

त्यानंतर उद्यानाला निदान आठवडाभर आधी ई-मेल करावा. दूरध्वनीवर "या, बघू" असे उत्तर मिळते आणि त्या दिवशी ते कोणी दिले होते हे कोणालाच आठवत नाही. हैदराबादसाठी पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावे. त्याचा मजकूर साधारण असा असावा :

"आम्ही पाच जण अमुक तारखेला आपल्या उद्यानात येत आहोत. आमच्यापैकी एका बारा वर्षांच्या मुलास गर्दीत, बंदिस्त कठड्यांमध्ये दहा मिनिटांहून अधिक काळ थांबता येत नाही. तो राईडवर स्वतः बसतो आणि सुरक्षेच्या सूचना पाळतो. आमची विनंती अशी आहे की प्रत्येक राईडजवळ त्या वेळच्या रांगेनुसार आमची वेळ लिहून द्यावी. तितका वेळ आम्ही रांगेबाहेर थांबू आणि वेळ झाल्यावर आम्हास चढण्याच्या जागेपाशी घ्यावे. इतरांच्या आधी जाण्याची आमची मागणी नाही. त्या दिवशी आम्ही कोणत्या कक्षात आणि कोणास भेटावे, तसेच कोणत्या राईडच्या रांगेत जिने आहेत, हे कृपया लेखी कळवावे."

सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडावी. संपूर्ण वैद्यकीय कागद पाठवण्याची गरज नाही, आणि आधारचा क्रमांक झाकूनच प्रत पाठवावी. ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांनी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा आणि जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे सहलीची तारीख ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच उरकावे.

दिवस निवडताना रविवार आणि सलग सुट्ट्या टाळाव्यात हे सर्वांना ठाऊक असते. पण डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आठवड्याच्या मधल्या दिवशीही येतात, आणि एकाच वेळी चार-पाच बसमधील मुले एका पाळण्यावर लोटतात. त्यामुळे त्या महिन्यांत जायचे असल्यास उद्यानाला सहलींचे दिवस विचारावेत. दुसरी काळजी प्रवासाची. रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसने किंवा खासगी बसने जाऊन सकाळी थेट उद्यानात शिरण्याची आपल्याकडे पद्धत आहे, कारण त्यात मुक्कामाचा खर्च वाचतो. निरोगी माणसाला ते निभावते. अपुऱ्या झोपेने अपस्माराचे झटके वाढतात, स्वमग्न मुलाची सहनशक्ती निम्म्यावर येते, आणि मग सर्वोत्तम सोय मिळूनही दिवस वाया जातो. एक रात्र मुक्काम करावा, मग भले राईड चार कमी होवोत.

उद्यानात गेल्यावर

प्रवेश झाल्याबरोबर पहिल्या पाळण्याकडे न धावता पाहुण्यांच्या मदतीसाठी असलेल्या कक्षात जावे. ई-मेलचे उत्तर छापून नेलेले असावे. तेथे मिळालेला निर्णय, मग तो मनगटावरचा पट्टा असो, शिक्का असो की साधी चिठ्ठी, दाखवता येईल अशा स्वरूपात मागावा. तोंडी परवानगी राईडपर्यंत पोहोचत नाही, कारण प्रत्येक राईडवर वेगळा कर्मचारी असतो आणि दुपारी त्यांच्या पाळ्या बदलतात. कक्षातून सर्व राईडना वायरलेसवर कळवले जाईल का, हे अवश्य विचारावे.

मग नकाशा घेऊन क्रम लावावा. ज्या राईडची रांग सर्वांत लांब होते, तेथील वेळ सकाळीच लिहून घ्यावी आणि तो वेळ जवळच्या सावलीत, खाण्यात किंवा रांग नसलेल्या खेळात घालवावा. एका वेळी एकाच राईडची वेळ घ्यावी. दोन-तीन ठिकाणी नंबर लावून ठेवणे हे इतरांवर अन्याय करणारे आहे आणि त्याने पुढच्या कुटुंबाची सोय बंद होते. स्वमग्न मुलासाठी वाट पाहण्याचा काळ दिसेल असा करावा. माझ्या मुलाला "थोडा वेळ" या शब्दांनी अस्वस्थता येते, पण घड्याळाचा काटा कोठे आला की निघायचे हे दाखवले की तो शांत बसतो. कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन, ओळखीचा खाऊ, टोपी आणि पाण्याची बाटली या वस्तू आत नेण्याविषयी ई-मेलमध्येच विचारून ठेवावे, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक ठिकाणी अडवतात. वैद्यकीय कारण लिहिलेले असेल तर वाद होत नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी आपली खुर्ची शक्यतो बरोबर न्यावी. तेथे मिळणाऱ्या खुर्च्या मोजक्या असतात, मापाच्या नसतात, आणि दीर्घकाळ बसणाऱ्याला त्यांनी जखम होऊ शकते. खुर्चीवरून राईडच्या आसनावर कसे जायचे, हे कुटुंबानेच ठरवावे. कर्मचाऱ्यांनी उचलण्याची अपेक्षा ठेवू नये, त्यांना ते शिकवलेले नसते आणि त्यात दोघांनाही इजा होते.

रांगेतील लोकांचे बोलणे हा वेगळाच ताप असतो. "ओ भाऊ, लाईन मागून आहे" हे वाक्य कोणीतरी म्हणणारच, विशेषतः दिव्यांगत्व दिसत नसेल तेव्हा. अशा वेळी मुलाचा आजार सर्वांसमोर सांगत बसू नये. "आमची वेळ दिलेली आहे, आम्ही तेवढा वेळ बाहेर थांबलो आहोत" एवढेच म्हणावे आणि पुढचे उत्तर कर्मचाऱ्याला देऊ द्यावे, ते त्याचे काम आहे. एका उद्यानात एका कर्मचाऱ्याने माझ्या मुलाला "वेडा आहे का" असे त्याच्यासमोर विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर तेथे देण्याऐवजी मी वेळ आणि ठिकाण लिहून घेतले आणि व्यवस्थापकाला लेखी कळवले. मुलासमोर भांडण झाले असते तर त्याचा उरलेला दिवस गेला असता.

जलक्रीडेच्या भागात

पाण्याच्या घसरगुंड्यांची रांग बहुधा जिन्यावरच असते, तेथे बसायला जागा नसते आणि पायऱ्या ओल्या असतात. म्हणून येथे बाहेर थांबण्याची सोय मिळूनही चढण्याचा प्रश्न उरतो, आणि तो प्रामाणिकपणे स्वीकारून लाटांचा तलाव किंवा संथ वाहणारा प्रवाह यांवर भर द्यावा. पायांत संवेदना नसलेल्यांनी, मग ते कण्याच्या इजेमुळे असो की मधुमेहामुळे, तापलेल्या फरशीवर अनवाणी रांग धरू नये. भाजलेले त्यांना कळत नाही. रबरी पादत्राण रांगेत पायात ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी. श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर मूल पूर्णपणे आपल्या खुणांवर अवलंबून असते, म्हणून "थांब", "पुढे हो" आणि "उतर" या खुणा घरीच ठरवाव्यात. विजेवर चालणारी खुर्ची पाण्याजवळ नेता येत नाही, त्यामुळे तेवढ्या भागासाठी साध्या खुर्चीची सोय लागते.

सुरक्षेच्या कारणाने नकार

रांगेची सोय आणि राईडवर बसण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपणही त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. उंचीची अट, दोन्ही हातांनी धरण्याची अट किंवा सुरक्षापट्टा बसण्यासाठी मांड्यांची विशिष्ट ठेवण, यांत कोणतेही प्रमाणपत्र सूट देऊ शकत नाही आणि देऊ नये. डाउन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींच्या मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा असतो, म्हणून वेगाने झटके देणाऱ्या राईडपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. मात्र "अशा मुलांना आम्ही घेत नाही" हे सुरक्षेचे कारण नव्हे. त्या राईडची लेखी अट दाखवण्यास सांगावे आणि आपले माणूस त्यातील कोणत्या अटीत बसत नाही, ते विचारावे. अट दाखवली तर मान्य करावी.

सोय नाकारली तर

आधी व्यवस्थापकाला भेटावे आणि नकाराचे कारण लिहून मागावे. ते दिले नाही, तर त्याच दिवशी तेथूनच ई-मेल करून घडलेले सर्व लिहावे, म्हणजे वेळेची नोंद राहते. तिकीट, पावती आणि आधीचा पत्रव्यवहार जपून ठेवावा. महाराष्ट्रातील उद्यानाविषयीची तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. तेलंगणातील उद्यानाविषयी तेथील राज्य आयुक्तांकडे करावी लागते. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ग्राहक म्हणून असलेला मार्ग मराठवाड्यातील कुटुंबासाठी मला अधिक सोयीचा वाटतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे उद्यान हैदराबादेत असले तरी लातूरच्या माणसाला लातूरमध्येच दाद मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करावी. पुष्कळ कंपन्या तेवढ्यावरच उत्तर देतात.

आपल्या जत्रांमध्ये

छत्रपती संभाजीनगरची नवरात्रातील कर्णपुरा यात्रा किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा येथेही आकाशपाळणे लागतात, आणि दिव्यांग मुलांपैकी बहुतेकांना प्रत्यक्षात हेच पाळणे जवळचे असतात. तेथे कक्ष नसतो आणि ई-मेलही नसतो. दुपारी गर्दी नसताना पाळणेवाल्याला भेटावे, मुलाला पाळणा थांबलेला दाखवावा आणि कोणत्या वेळी आणू ते ठरवावे. ही माणसे बहुधा आनंदाने ऐकतात. संध्याकाळी दोरी लावलेल्या रांगेत उभे न राहता बाजूला थांबून नंबर आला की हाक मारायला सांगावे. पाळणा वर थांबवून माणसे भरण्याची त्यांची पद्धत असते, आणि उंचावर अडकून राहिल्याने घाबरणाऱ्या मुलाला शेवटी बसवून आधी उतरवण्यास सांगता येते.

माळेगावची यात्रा जिल्हा परिषद भरवते. जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. यात्रेच्या नियोजनाची बैठक होण्यापूर्वी, महिनाभर आधी, गावातील दोन-चार पालकांनी मिळून अर्ज द्यावा आणि त्यात फक्त तीन गोष्टी मागाव्यात : पाळण्यांच्या रांगेजवळ सावली व बाकडे, व्हीलचेअर जाईल इतकी म्हणजे निदान नव्वद सेंटिमीटर रुंदीची वाट, आणि पाळण्याला परवानगी देताना दिव्यांगांची वेळ लिहून देण्याची अट. अर्जाची पोच घ्यावी आणि बैठकीच्या दिवशी एकाने तेथे हजर राहावे.